गुरुजींचा मार्च एंड

बोर्ली पंचतनात लाइटबिल ही खासगी बाब नाही. बिल वाटणारा मुलगा ते दाराच्या कडीत खोचून जातो आणि घरमालक अंघोळ आटोपून बाहेर येईपर्यंत, ओटीवर फुकटचा पेपर वाचायला आलेल्या दोघा-तिघांनी ते वाचून, त्यावर मत बनवून, पुन्हा घडी घालून ठेवलेलं असतं. म्हणून वरच्या आळीतल्या निवृत्त गुरुजींना शून्य युनिटांचं बिल आल्याची बातमी गुरुजींच्या आधी एसटी स्टँडवर पोचली. त्याच बिलावर दीडशेच्या आसपास रुपये भरायचे आहेत, ही बातमी तिच्याही पुढे धावली.

"शून्य युनिट, मग दीडशे कसले?"

"स्थिर आकार. त्यावर विद्युत शुल्क."

"म्हणजे?"

"म्हणजे वीज घ्या, नाहीतर घेऊ नका. जोडणी ठेवलीत ना, तिचे."

"आणि मोफत वीज म्हणाले होते ती?"

"वीज मोफतच आहे. बिल मोफत नाही."

हे गुरुजी म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा या टापूत छपरावर काळ्या काचा चढवलेली जी काही घरं आहेत, तिथे जे घडू शकतं ते सगळं कालवून ते तयार केलेले आहेत, म्हणून त्यांना नावही दिलेलं नाही. नियम मात्र अस्सल आहेत, आणि यातला बराचसा विनोद त्या नियमांचाच आहे.

सुरुवात पेपरातल्या बातमीने झाली. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' जाहीर झाली. देशातल्या एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवायची, त्यासाठी ७५,०२१ कोटींची तरतूद, आणि महिना ३०० युनिटपर्यंत वीज मोफत. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. गुरुजींनी हयातभर वह्या तपासलेल्या. त्यांनी बातमीखाली लाल पेनाने बेरीज करून पाहिली, ती बरोबर निघाली, आणि सरकारी आकडा पहिल्याच फटक्यात जुळला या धक्क्यातून सावरण्याआधीच त्यांचा निर्णय होऊन गेला होता.

या टापूत आकाशाकडून धनाची अपेक्षा कुणी केलेली नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. १९९७ साली शेजारच्या दिवेआगरात एका बागेत खणताना सोन्याचा गणपती सापडला. तेव्हापासून पंचक्रोशीत जो तो जमिनीकडे बघून चालतो. २०१२ साली तो चोरीला गेला, तरी लोकांची मान वर झाली नाही. वरून येतं ते वादळ. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' याच किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळी भुईसपाट करून गेलं, आणि किती गावं किती आठवडे अंधारात होती ते इथल्या कुठल्याही माणसाला विचारावं. तो चहा संपेपर्यंत सांगत राहील. अशा गावात गुरुजींनी दोन लाखांच्या घरातली वस्तू उघड्यावर, छपरावर ठेवायचं ठरवलं. काकूंचा पहिला प्रश्न अनुदानाचा नव्हता.

"उडालं तर कोणाच्या वाडीत शोधायचं?"

पण वादळ फार पुढचं. पहिला अडथळा आजोबांचा आला.

अर्ज भरायला महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक लागतो. तो टाकल्यावर पडद्यावर ग्राहकाचं नाव आलं, ते गुरुजींच्या आजोबांचं. आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली, पण ते बिल वेळच्या वेळी भरतात, थकबाकी ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नसण्याची दखल घेण्याचं कोणाला कारण पडलं नव्हतं. आता बिलावर एक नाव, आधारवर दुसरं आणि बँकेच्या खात्यावर तिसऱ्याच स्पेलिंगचं, असं चालेना. अनुदान थेट खात्यात येणार. ते आजोबांच्या खात्यात पाठवण्याची सोय अजून झालेली नाही.

"मोबाइल नंबर बदलून घ्या, ओटीपी त्यावरच येईल," सेतूमधला मुलगा म्हणाला.

"आजोबांचा मोबाइल नव्हता."

"मग ओटीपी कसा येणार?"

या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे गुरुजींनी नाव बदलण्याचा अर्ज केला. नाव बदलायला वारसांची संमती लागते. आणि वारस म्हटल्यावर कोकणात काय होतं ते सांगायला नको. घर सामायिक. हिस्सेदार सात. एक परळला, एक डोंबिवलीत, एक पुण्यात, एक बडोद्याला, एक समोरच, आणि सातवे कुठे आहेत याबद्दल उरलेल्या सहांचं एकमत नाही. गुरुजींनी प्रत्येकाला पत्र लिहिलं, पत्रासोबत संमतिपत्राचा मसुदा, मसुद्यासोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. बडोद्याहून आठवड्याच्या आत फोन आला.

"दादा, छप्पर सामायिक ना?"

"हो."

"मग त्यावर पडणारं ऊनही सामायिक."

"असेल."

"मग उत्पन्नात आमचा सातवा हिस्सा कसा पाठवणार? एनईएफटी की रोख?"

नेट मीटरिंगमध्ये रोख उत्पन्न नसतं, जमा होतात ती युनिटं, आणि तीही ज्याचा ग्राहक क्रमांक त्याच्याच बिलात वळती होतात, हे गुरुजींनी फोनवर समजावून सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग, "म्हणजे तुम्ही आमचं ऊन वापरून आम्हाला काहीच देणार नाही," असा निष्कर्ष निघाला, आणि सही मिळाली ती दरवर्षी हापूसच्या दोन पेट्या बडोद्याला पाठवायच्या बोलीवर. सौरऊर्जेचे आर्थिक फायदे मोजणाऱ्या तज्ज्ञांनी या पेट्या कुठल्याही तक्त्यात धरलेल्या दिसत नाहीत.

सगळ्यात अवघड सही समोरच्या चुलतबंधूंची. त्यांचा सौरऊर्जेला विरोध नव्हता, गुरुजींना होता. ती सही कशी मिळाली हे गुरुजी सांगत नाहीत.

मग कंत्राटदाराचा मुलगा जागा बघायला आला. मंगलोरी कौलं पाहून त्याने मान हलवली, मागच्या पडवीवरचा स्लॅब पाहून डोलावली. स्लॅब काकूंचा. एप्रिल-मेमध्ये त्यावर पापड, फेण्या, कुरडया, आमसुलं आणि जमल्यास आंबापोळी वाळते. त्या काळात गुरुजींनाही तिथे चप्पल घालून चढण्याची परवानगी नसते. बोर्लीच्या उन्हावर पहिला हक्क पापडांचा, आणि पापड कुठल्याही नियामक आयोगाला विचारून वाळत नाहीत. अखेर पॅनेलांचा सांगाडा उंच करायचा आणि कडेची एक पट्टी वाळवणासाठी सोडायची, असा तह झाला. त्या तहाचा मसुदा मात्र कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो दर उन्हाळ्यात नव्याने होतो.

पॅनेलं दक्षिणेला तोंड करून आणि गावाच्या अक्षांशाच्या जवळपास कोनात कललेली असावीत, असा संकेत आहे. बोर्ली साधारण १८ अंश उत्तरेला. गुरुजींनी भूगोल शिकवलेला. ते फळ्यावर वापरायचा लाकडी कोनमापक घेऊन स्लॅबवर चढले.

"सतरा आहे."

"गुरुजी, एका अंशाने काय होतंय?"

"एका अंशाने माणूस बोर्लीतून थेट दापोलीच्या खाली जातो."

मुलाने नट सैल केले.

आता राहिला माड. चुलतबंधूंच्या वाडीतल्या एका माडाची सावली दुपारी तीननंतर शेवटच्या पॅनेलवर पडते. एका पॅनेलवर सावली पडल्याने एका पॅनेलपुरतंच नुकसान व्हावं असं कोणालाही वाटेल, पण पॅनेलं एकामागे एक माळेत जोडलेली असतात आणि एक सुस्तावलं की सगळ्या माळेचा वेग ढासळतो. हे गुरुजींना समजायला वेळ लागला नाही. शाळेच्या सहा माणसांच्या समितीत त्यांनी वीस वर्षं काढली होती. माडाची तक्रार घेऊन ते गेले तेव्हा चुलतबंधू शांतपणे म्हणाले, "माड आधी आला, दादा. सूर्य तुम्ही नंतर आणलात." वर पडणाऱ्या नारळाचा प्रश्न वेगळाच. या काचा गारपिटीच्या चाचणीतून पास होऊन येतात. २५ मिलिमीटरची बर्फाची गोळी जोरात मारून बघतात. माडाने हा अभ्यासक्रम वाचलेला नाही.

करार झाला. तो वीस वर्षांचा असतो. सत्तरी ओलांडलेल्या गुरुजींनी शेवटच्या पानावर सही केली तेव्हा काकू म्हणाल्या, "निदान यामुळे तरी तब्येतीला जपाल." दिवाळीच्या आत पॅनेलं चढली, जुना मीटर उतरला आणि दोन्ही बाजूंनी मोजणारा नवा मीटर भिंतीवर बसला.

जुन्या मीटरात ॲल्युमिनियमची चकती असे. वीज आत येताना ती एका दिशेने फिरे आणि बाहेर गेली तर उलटी. साऱ्या नेट मीटरिंगचा जन्म या भोळ्या चकतीतून झाला. अमेरिकेत घरच्या विजेने चकती उलटी फिरते हे लोकांच्या आधी लक्षात आलं, कायदा मागून आला. मिनेसोटा राज्याने तो १९८३ साली केला. महाराष्ट्रात विद्युत नियामक आयोगाने २०१५ साली पहिले विनियम काढले आणि २०१९ च्या डिसेंबरअखेरीस नवे आणले. नवा मीटर उलटा फिरत नाही. तो 'इम्पोर्ट' आणि 'एक्स्पोर्ट' असे दोन आकडे आळीपाळीने दाखवतो. गुरुजींनी लग्नाच्या एका बैठकीत, मुलीकडच्यांनी विचारलं म्हणून, "सध्या थोडं एक्स्पोर्टचं बघतो," असं सांगून टाकलं. स्थळ दुसऱ्याचं होतं, पण चौकशी गुरुजींच्या मुलाची झाली.

हिशेब तसा सरळ आहे. गुरुजींची यंत्रणा ३ किलोवॉटची. बऱ्यापैकी ऊन असलं की दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज करते. पण करते ती दिवसा. दिवसा घरात चालतं काय, तर फ्रिज, एक पंखा आणि वाटणापुरता मिक्सर. उरलेली वीज खांबावर जाते. दिवेलागणीनंतर पॅनेलं झोपतात आणि खांबावरून वीज आत येते. महिनाअखेरीला वजाबाकी. समजा बाहेर गेली २८० युनिटं आणि आत आली १९०. तर बिल शून्य युनिटांचं, आणि ९० युनिटं गुरुजींच्या नावे जमा, पुढच्या बिलात वळती व्हायला. पैसे नव्हे, युनिटाला युनिट. यातच खरी मेख आहे, आणि ती ग्राहकाच्या सोयीची आहे: घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांच्या पुढे गेलं की दर जवळपास दुप्पट होतो, आणि जमा युनिटं नेमकी ती महागडी वीज वाचवतात. दुपारी कोणालाच नको असलेली वीज देऊन रात्रीची सगळ्यांना हवी असलेली वीज त्याच मापाने परत घ्यायची. भाजीवाली असा सौदा करणार नाही. वीज कंपन्याही तो फार खुशीने करत नाहीत, आणि त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही.

बाहेर गेलेली वीज मुंबईला वगैरे जात नाही. ती सगळ्यात जवळचं गिऱ्हाईक गाठते. गुरुजींच्या खांबावरचं सगळ्यात जवळचं घर चुलतबंधूंचं. म्हणजे पदार्थविज्ञानाच्या नियमानुसार दुपारी बारा वाजता चुलतबंधूंची मोटर, त्यांचा टीव्ही आणि त्यांच्या सुनेचं वॉशिंग मशीन गुरुजींच्या विजेवर चालतं. ते पैसे मात्र महावितरणला, पूर्ण दराने, भरतात. हे कळल्याचा दिवस गुरुजींच्या निवृत्त आयुष्यातला सर्वांत सुखाचा म्हणावा लागेल. त्यांनी ही माहिती चुलतबंधूंच्या कानावर घातली.

"दादा, म्हणूनच आजकाल मालिका नीट दिसत नाही," चुलतबंधू म्हणाले.

तेव्हापासून गुरुजींना मीटरचं वेड लागलं. सकाळी उठल्या उठल्या ते मीटरला नमस्कार करत नाहीत एवढंच. बाकी सर्व उपचार होतात. चष्मा, टॉर्च, वही, तारीख, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, शेरा. शेऱ्यात 'ढगाळ', 'निरभ्र', 'कावळा' असे शब्द असतात. मुलाने फोनवर इन्व्हर्टरचं ॲप टाकून दिल्यावर तर देवळात आरतीच्या वेळी त्यांच्या हातात फोन दिसू लागला. "आत्ता १.८ चालू आहे," ते शेजारच्याला हळूच सांगत. आता शेजारच्यालाही त्याचं व्यसन लागलंय, आणि नैवेद्य दाखवून झाल्यावर गुरव विचारतो, "किती झाले?"

प्रस्तुत लेखकाला गणितात कधी चाळीसच्या वर गुण पडले नाहीत, म्हणून त्याने गुरुजींची वही विश्वासाने पाहिली. तीत एक गोष्ट लेखकाच्याही ध्यानात आली. मे महिन्यात, जेव्हा ऊन नुसतं अंगावर येतं, तेव्हा वीज अपेक्षेएवढी वाढत नाही. पॅनेलना प्रकाश हवा, उष्णता नको. २५ अंशांच्या पुढे तापमान एक अंशाने वाढलं की त्यांची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते, आणि मे महिन्यात स्लॅबवर काच किती तापते हे काकूंना विचारावं, त्यांनी एकदा तिच्यावर पापड टाकून पाहिलाय. म्हणजे मेमध्ये पॅनेलांनाही घाम फुटतो. गावात काम करणाऱ्या बाकी सगळ्यांची तीच तऱ्हा असते, पण बाकीच्यांवर दोन लाख खर्च झालेले नसतात.

अशाच एका मेच्या दुपारी लाइट गेली. गावभरचे पंखे थांबले. पाचच मिनिटांत गुरुजींच्या ओटीवर गर्दी जमली. तान्ह्या मुलांना घेऊन बायका आल्या, सुपारी सोलता सोलता दोन म्हातारे आले, आणि चुलतबंधू आले ते स्वतःची खुर्ची घेऊन. वर सूर्य आग ओकत होता. आत गुरुजींचाही पंखा बंद.

"गुरुजी, बटण दाबायचं राहिलं का?"

"बटण चालूच आहे."

"सोलर बिघडला?"

"नाही. शाबूत आहे."

"मग वारा?"

मग गुरुजींनी उभं राहून, वर्गावर असल्याच्या आवाजात, सांगितलं. खांबावरची वीज गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, तसा तो बनवलेलाच असतो. नाहीतर तिकडे वायरमन खांबावर चढून, लाइन बंद आहे या समजुतीने, तारेला हात लावणार आणि इकडून गुरुजींची वीज त्याला भेटायला जाणार. वायरमन गावातलाच, सगळ्यांच्या ओळखीचा. त्यामुळे मुद्दा लगेच पटला. पण पटल्याने वारा लागत नाही. "म्हणजे गावात लाइट असेल तरच तुमची लाइट," चुलतबंधू खुर्ची उचलत म्हणाले, "मग ती आमच्याकडेही असते." त्या आठवड्यात गुरुजींनी बॅटरीवाला जुना इन्व्हर्टर माळ्यावरून खाली काढला. घरात आता दोन इन्व्हर्टर आहेत. एकाला लाइट गेलेली चालत नाही आणि दुसऱ्याला लाइट गेल्याशिवाय काम नसतं.

हे सगळं गुरुजींनी हसतमुखाने सोसलं. त्यांना सोसवलं नाही ते एप्रिलचं बिल.

त्याचं झालं असं. बोर्लीला ऑक्टोबर संपता संपता आभाळ मोकळं होतं. नोव्हेंबर ते मार्च ऊन स्वच्छ आणि हवा गार. पॅनेलांची ही सुगी. घरात मात्र पंखासुद्धा नको असतो. त्यामुळे दर महिन्याला युनिटं साठत गेली, गुरुजींच्या वहीत बेरीज चढत गेली, आणि मार्चअखेर चांगली चार-साडेचारशे युनिटं शिल्लक पडली. गुरुजींचा बेत पक्का होता: ही पुंजी पावसाळ्यात कामी येईल. जूनपासून कोकणात सूर्य रजेवर जातो. पॅनेलं दिवसभर भिजत बसतात आणि ॲपवर ०.२ दिसलं तरी घरात आनंदाचं वातावरण असतं. चार महिने साठवणीवर काढायचे, ही तर कोकणची जुनीच रीत. सुकी मासळी, आमसुलं, सांडगे हे सगळं त्याचसाठी असतं. युनिटंही त्याच फळीवर ठेवलेली, असं गुरुजी धरून चालले होते.

एप्रिलच्या बिलात जमा युनिटं: शून्य.

गुरुजी विनियमांचं पुस्तक घेऊन बसले. त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. जमा युनिटं पुढे सरकतात ती आर्थिक वर्षापुरती, १ एप्रिल ते ३१ मार्च. वर्षअखेरीला जी उरतील ती वितरण कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि पाटी कोरी होते. तो दर घाऊक वळणाचा. आपण विजेला जे मोजतो त्याच्या पुष्कळ खालचा. गुरुजींच्या पाच महिन्यांच्या सुगीचे जे रुपये बिलात जमा झाले, त्यात बडोद्याच्या दोन पेट्याही बसल्या नसत्या.

"फसवलं का हो?" काकूंनी विचारलं.

"नाही. लिहिलेलं होतं."

"मग वाचलं नव्हतंत?"

"वाचलं होतं. पण ते मार्चमध्ये घडेल असं वाटलं नव्हतं."

यात कुणाची लबाडी नाही, हे प्रस्तुत लेखक हमीपूर्वक सांगतो. सारा घोळ वर्षाचा आहे. ३१ मार्च ही तारीख कारकुनाला सोयीची, पण कोकणच्या सूर्याला तिच्याइतकी गैरसोयीची दुसरी तारीख शोधूनही सापडणार नाही. सुगी संपून पेव भरलं की दुसऱ्याच दिवशी ते रिकामं करायचं, आणि त्यापुढे एप्रिल-मेचा उकाडा आणि चार महिन्यांचा पाऊस उभा. गुरुजींनी यावर उपायही काढला: हिशेबाचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू करावं. पूर्वी व्यापाऱ्यांच्या वह्या त्याच दिवशी बदलत. पाडव्याला मांडलेली युनिटं थंडीत वाढतील, उन्हाळ्यात वापरली जातील, पावसाळ्यात संपतील, आणि पुढच्या पाडव्याला पाटी कोरी केली तरी कुणाचं काही जाणार नाही, कारण तोवर तीवर काही उरलेलंच नसेल. हे सगळं त्यांनी फुलस्केपच्या दोन पानांवर, आकृतीसह, लिहून आयोगाला पाठवलं. आयोगाची कचेरी कफ परेडच्या जागतिक व्यापार केंद्रात वरच्या मजल्यावर आहे. तिथून पाऊस सुंदर दिसत असणार.

मुलाने त्यांची समजूत काढायला कॅलिफोर्नियाचं सांगितलं. तिथे एप्रिल २०२३ पासून नव्या सौर ग्राहकांना युनिटाला युनिट मिळतच नाही. बाहेर दिलेल्या विजेचा भाव सुमारे ७५ टक्क्यांनी खाली आला आणि लोक बॅटऱ्या विकत घ्यायला धावले. आपल्याकडेही २०२० च्या डिसेंबरात केंद्राच्या नियमांनी ही सवलत १० किलोवॉटपुरतीच ठेवली होती. ओरड झाल्यावर सहा महिन्यांत मर्यादा ५०० पर्यंत वाढवली. गुरुजींना कॅलिफोर्निया ऐकून बरं वाटलं. दुसऱ्याचं जास्त बुडालं आहे ही माहिती बोर्लीत नेहमीच दिलासा देते.

पण दुसऱ्या वर्षी ते सावध होते. फेब्रुवारीच्या मध्यावर वहीत पावणेचारशे युनिटं जमा दिसली आणि गुरुजींनी घरात मार्च एंड जाहीर केला. सरकारी खात्यात वर्षभर न सुटलेला निधी शेवटच्या पंधरवड्यात रस्त्यावर, भिंतीवर, कुंपणावर जसा कोसळतो, तशी त्यांच्या घरात वीज कोसळू लागली. गॅसच्या शेगडीवर कापड पडलं आणि इंडक्शन आलं. अंघोळीचा तांब्याचा बंब, जो तीन पिढ्या नारळाच्या सोडणांवर तापला, तो निवृत्त होऊन गीझर लागला. वर्षाचा मसाला, भाजणी, मेतकूट घरच्या चक्कीवर दळलं गेलं. शेजारणींनाही डबे घेऊन या म्हणून निरोप गेले. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडून "लाइट चालू राहू दे गं" हे वाक्य ऐकलं आणि त्या काही वेळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

तरी युनिटं संपेनात. मार्च म्हणजे ऊन तेज, रात्री गार. दिवसा खर्च केलं की दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा वर चढायचं. गुरुजींनी सुपारीच्या वाडीची मोटर घरच्या मीटरवर लावायचा विचार बोलून दाखवला, पण शेतीची जोडणी वेगळी आणि तिचे नियम वेगळे, याची वायरमनने एक बोट वर करून आठवण करून दिली. डोंबिवलीच्या मेहुण्यांना "आत्ताच या, सगळे या" असा फोन झाला.

"भावोजी, मार्चमध्ये? पोरांच्या परीक्षा आहेत."

"अभ्यास इथे करा. चोवीस तास लाइट."

"मेमध्ये येतोच की, दरवर्षीप्रमाणे."

"मेमध्ये काय करायचंय! मेमध्ये युनिटं नसतात!"

शेवटी गुरुजींनी एसी घेतला. फुकट जाणारी वीज फुकट जाऊ नये म्हणून सदतीस हजारांचा एसी, बारा हप्त्यांत. मार्चच्या उत्तरार्धात बोर्लीची रात्र खिडकी उघडली की पुरेशी गार असते. गुरुजींनी खिडकी बंद केली, एसी अठरावर ठेवला, आणि नवरा-बायको दोघंही दोन-दोन गोधड्या घेऊन, कानाला मफलर बांधून, ३१ मार्चपर्यंत कर्तव्यबुद्धीने कुडकुडले. १ एप्रिलला दोघांनाही सर्दी होती आणि शिल्लक होती एकोणीस युनिटं. त्यांचेही पैसे मिळाले. त्यात विक्सची डबी आली नाही.

मे लागला. मेहुणे आले, सोबत बायको, दोन मुलं, सासूबाई आणि एसी घेतल्याची पक्की बातमी. पहिल्याच दुपारी तो सुरू झाला, तो रात्री जेवणापर्यंत बंद होईना. भिंतीवरच्या मीटरात इम्पोर्टचा आकडा धावत होता आणि गुरुजी त्याच्यासमोर वही धरून उभे होते. वहीच्या 'शेरा' या रकान्यात त्यांनी 'मेहुणे' असं लिहिलं.

"भावोजी, तुमचं पाहून आम्हीही ठरवलंय," मेहुणे मागून येऊन म्हणाले. "आमच्या सोसायटीच्या गच्चीवर लावायचं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यावर. सेक्रेटरी मीच आहे. अनुदान मिळतं म्हणे."

"मिळतं. सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे १८,०००." गुरुजींनी वही मिटली. "गच्ची कोणाच्या नावावर आहे?"

"सगळ्यांच्याच. सामायिक."

"सभासद किती?"

"चौसष्ट."

गुरुजींनी आतल्या खोलीकडे तोंड करून काकूंना हाक मारली. "अहो ऐकलंत का, बडोद्याला गेलेल्या संमतिपत्राची प्रत काढा जरा. आणि आंब्यांचा हिशेबही."